अपत्यप्राप्तीची वाट पाहताना : प्रश्न दोघांचा, प्रयत्नही दोघांचे

विवाहाला दोन-तीन वर्षे झाली की घरी, नात्यात आणि शेजारी एकच प्रश्न सुरू होतो, "काय मग, गोड बातमी कधी?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपुलकीच असते, पण जे दांपत्य महिन्यामागून महिने वाट पाहत आहे, त्याच्या मनावर प्रत्येक वेळी एक ओरखडा उमटतो. हा प्रश्न सहसा सुनेलाच विचारला जातो. उपवास तिनेच करायचे, नवस तिनेच बोलायचे, डॉक्टरांकडे तिनेच जायचे, असे अजूनही अनेक घरांत घडते.

आजच्या पाठात आपण एकच सूत्र समजून घेणार आहोत. अपत्य न होणे हा पती-पत्नी दोघांचा प्रश्न आहे. म्हणून पहिल्या तपासणीपासून शेवटच्या निर्णयापर्यंतची वाटचालही दोघांची असली पाहिजे. कारण शोधणे ही अश्रद्धा नाही आणि एकाला दोष देणे ही श्रद्धा नाही.

१. शब्द नीट समजून घेऊया

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, कोणतेही गर्भनिरोधक न वापरता बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ नियमित वैवाहिक संबंध असूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. या व्याख्येत स्त्री किंवा पुरुष असा भेद नाही. याच संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे सहापैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला सामोरे जावे लागते. म्हणजे आपल्या सत्संगातही असे कोणीतरी बसलेले असणार, फक्त ते बोलत नसतील.

आपल्या बोलीत 'वांझ' हा कठोर शब्द स्त्रीसाठीच वापरला गेला. पुरुषाच्या बाबतीत लोक 'नपुंसक' हा शब्द आणतात आणि तिथे मोठा गैरसमज होतो. शारीरिक संबंध ठेवता न येणे ही एक अडचण आहे, तर वीर्यात पुरेसे सशक्त शुक्राणू नसणे ही अगदी वेगळी अडचण आहे. ज्याचे वैवाहिक जीवन सर्व दृष्टींनी सुरळीत आहे, अशा पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात. बाहेरून, प्रकृती पाहून किंवा स्वतःच्या अनुभवावरून ते कळत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते. म्हणून 'माझ्यात काही दोष नाही, मला तपासणीची गरज नाही' असे म्हणण्याला काहीच आधार नसतो.

२. राजा दिलीप आणि राणी सुदक्षिणा

महाकवी कालिदासांच्या 'रघुवंश' महाकाव्याच्या आरंभी राजा दिलीपाची कथा येते. राजाला सर्व काही होते, पण संतान नव्हते. तेव्हा राजाने काय केले? तो राणी सुदक्षिणेसह एकाच रथात बसून गुरू वसिष्ठांच्या आश्रमात गेला. गुरूंनी ध्यान लावून कारण सांगितले. पूर्वी एकदा घरी परतण्याच्या घाईत राजाने वाटेत असलेल्या सुरभी गायीला वंदन केले नव्हते. म्हणजे कारण राजाकडे होते. उपाय म्हणून सुरभीची कन्या नंदिनी हिची सेवा सांगितली गेली आणि ती दोघांनी केली. राणी सकाळी नंदिनीची पूजा करून आश्रमाच्या सीमेपर्यंत तिच्यामागे जाई. पुढे दिवसभर राजा तिच्याबरोबर वनात राही. एकवीस दिवस असे गेले. त्यानंतर सिंहाने नंदिनीला धरले, तेव्हा राजाने तिच्याऐवजी स्वतःचा देह देऊ केला. नंदिनी प्रसन्न झाली आणि पुढे रघूचा जन्म झाला.

या कथेवरून कोणी 'अपत्य नाही म्हणजे काहीतरी पाप घडले असणार' असा अर्थ काढू नये. बीजवाहक नलिका बंद असणे किंवा शुक्राणूंची संख्या कमी असणे ही शरीराची स्थिती आहे. ती कोणाच्या पापाची पावती नाही. कथेतून घ्यायचे आहे ते राजाचे आचरण.

अ. राजा राणीला एकटीला पाठवत नाही, दोघे एकत्र जातात.
आ. ज्याला त्या विषयाचे ज्ञान आहे, त्याच्याकडे ते जातात.
इ. कारण स्वतःकडे आहे हे कळल्यावर राजा रागावत नाही, नाकारत नाही आणि लपवत नाही.
ई. उपायाचा मोठा भार राजा स्वतः उचलतो.

एका चक्रवर्ती राजाला यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

३. कारण शोधणे : शरीराचे साधे ज्ञान

स्त्रीच्या प्रत्येक मासिक चक्रात साधारणपणे एक स्त्रीबीज परिपक्व होऊन बाहेर पडते. अठ्ठावीस दिवसांचे चक्र असेल, तर हे चौदाव्या दिवसाच्या सुमारास घडते. चक्र लांब किंवा आखूड असेल, तर हा दिवसही पुढे-मागे होतो. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज बाहेर पडण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस असे सुमारे सहा दिवस गर्भधारणेच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात. या काळात एक दिवसाआड संबंध आले तरी पुरेसे असते. अनेक दांपत्यांना ही साधी माहितीही कोणी दिलेली नसते. नोकरीमुळे पती दुसऱ्या शहरात राहतो आणि महिन्यातून दोन दिवस घरी येतो, अशा घरात नेमके हेच दिवस निघून जातात आणि दोष मात्र पत्नीला लागतो.

स्त्रीकडील कारणांमध्ये बीज नियमित तयार न होणे (पीसीओएस हे त्याचे नेहमी आढळणारे कारण), थायरॉईडचे विकार, बीजवाहक नलिका बंद असणे, एंडोमेट्रिओसिस आणि वाढते वय ही प्रमुख आहेत. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हेही नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. यात खोकला असेलच असे नाही. पुरुषाकडील कारणांमध्ये शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कमी असणे, वृषणाजवळच्या शिरा फुगणे, मार्गात अडथळा असणे आणि संप्रेरकांचे दोष येतात. काही वेळा कारण दोघांकडे असते आणि काही वेळा सर्व तपासण्या करूनही ते सापडत नाही. पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने सुमारे निम्म्या दांपत्यांमध्ये आढळते. म्हणून केवळ पत्नीची तपासणी करणे म्हणजे निम्माच हिशोब तपासून ताळेबंद मांडण्यासारखे आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? पत्नीचे वय ३५ पेक्षा कमी असेल, तर एक वर्ष प्रयत्न केल्यानंतर. वय ३५ च्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनंतर. पाळी फार अनियमित असेल, दोघांपैकी कोणाला पूर्वी क्षयरोग झाला असेल, ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पतीला वृषणाचा काही आजार होऊन गेला असेल, तर वाट पाहू नये.

पतीची वीर्य तपासणी अगदी सुरुवातीलाच व्हावी. तिच्यात सुई नाही, भूल नाही, वेदना नाही आणि खर्चही इतर तपासण्यांच्या मानाने कमी असतो. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळायला सांगतात. अहवालात दोष दिसला, तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करतात, कारण एका अहवालावरून निष्कर्ष काढत नाहीत. पत्नीची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन गेली आणि पतीची ही साधी तपासणी अजून झालेली नाही, असे कोणत्याही घरात घडू नये.

४. दोघांनी मिळून पाळायचे नियम

आपण साधनेत नियमाचे महत्त्व जाणतो. इथेही काही नियम आहेत आणि ते दोघांसाठी आहेत.

अ. तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि मद्य पूर्ण बंद करावे. तंबाखूचा परिणाम शुक्राणूंवर आणि स्त्रीबीजांवर, दोन्हींवर होतो.
आ. वजन फार जास्त किंवा फार कमी असेल, तर ते हळूहळू योग्य मर्यादेत आणावे. पीसीओएसमध्ये थोडेसे वजन कमी झाल्यावरही पाळी नियमित होऊ लागल्याचे अनेकदा दिसते.
इ. पुरुषांनी वृषणांना सतत उष्णता लागू देऊ नये. भट्टीजवळचे काम, मांडीवर लॅपटॉप ठेवणे, रोज फार गरम पाण्यात बसणे अशा गोष्टींबाबत डॉक्टरांशी बोलावे.
ई. शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या किंवा स्टिरॉइडच्या इंजेक्शनांमुळे शुक्राणू तयार होणे थांबू शकते. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.
उ. पत्नीने गर्भधारणेपूर्वीच डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिड सुरू करावे.
ऊ. उपचार चालू असताना कडक उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. एका वेळचे जेवण सोडण्याऐवजी एक वाईट सवय सोडणे हेही व्रतच आहे.

शुक्राणू तयार होऊन परिपक्व व्हायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून आज सोडलेल्या तंबाखूचा परिणाम तीन महिन्यांनंतरच्या अहवालात दिसू शकतो. इथे धीर लागतो आणि सातत्यही.

५. उपचाराविषयीची शंका आणि सावधगिरी

काही वडीलधाऱ्यांना वाटते की टेस्ट ट्यूब बेबी हे काहीतरी कृत्रिम, आपल्या संस्कृतीबाहेरचे आहे. प्रत्यक्षात या पद्धतीत स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचे मीलन प्रयोगशाळेत होते, तयार झालेला भ्रूण काही दिवस तिथे वाढतो आणि मग तो मातेच्या गर्भाशयात ठेवला जातो. पुढचे सर्व महिने बाळ आईच्याच कुशीत वाढते. जगातील असे पहिले बाळ इंग्लंडमध्ये जुलै १९७८ मध्ये जन्मले आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एका कन्येचा जन्म झाला. हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रे अभ्यासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे, असे १९९७ मध्ये जाहीर केले. स्वतःकडे आलेले श्रेय सत्यासाठी सोडून देणे हा या ज्ञानाच्या इतिहासातील एक सात्त्विक प्रसंग आहे.

मात्र प्रत्येकाला याच उपचाराची गरज नसते. अनेकांना गोळ्यांनी, एखाद्या लहान शस्त्रक्रियेने किंवा आययूआयसारख्या साध्या उपायाने यश येते. टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्नही प्रत्येक वेळी यशस्वी होत नाही आणि स्त्रीचे वय वाढते तशी यशाची शक्यता कमी होते. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी दोघांनी वही घेऊन बसावे. एका प्रयत्नाचा एकूण खर्च किती, त्यात औषधे धरली आहेत का, आपण किती प्रयत्न करणार, कर्ज काढायचे की नाही आणि कुठे थांबायचे, हे शांत मनाने आधीच लिहून ठेवावे. अपयशाच्या दिवशी मन हळवे असते. त्या दिवशी हे निर्णय घेऊ नयेत.

२०२१ च्या कायद्यानुसार असे उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागणे हा आपला हक्क आहे. या उपचारांसाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. मुलगा की मुलगी हे निवडणे किंवा तपासणे कायद्याने गुन्हा आहे आणि धर्माच्या दृष्टीनेही ते अनुचित आहे. संतान मागताना अट घालू नये.

आणखी एक सावधगिरी. वाट पाहणारे मन लवकर फसते. 'शंभर टक्के खात्री' देणारा दवाखाना, घटक न सांगता पुड्या देणारा वैदू आणि 'ताईंना एकटीला आत पाठवा' म्हणणारा बाबा, या तिघांपासून दूर राहावे. अलौकिक शक्तीने मातृत्व देतो असे सांगून स्त्रीचे शोषण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. खरा संत कोणत्याही स्त्रीला तिच्या पतीपासून आणि घरच्यांपासून बाजूला काढत नाही.

६. मनाची साधना

दर महिन्याला आशा वाढते आणि पाळी आली की ती कोसळते. हे दुःख बाहेरच्यांना दिसत नाही. गर्भपात झाला असेल, तर 'अजून काही झालेच नव्हते' असे म्हणून लोक ते उडवून लावतात. पण ज्या मातेने मनात पाळणा बांधला होता, तिच्यासाठी ते खरेच घडलेले असते. रडू येणे म्हणजे साधना कमी पडणे नव्हे.

पती-पत्नी दुःख वेगवेगळ्या रीतीने व्यक्त करतात. तिला बोलायचे असते, तो गप्प होतो. तिला वाटते याला काहीच वाटत नाही, त्याला वाटते बोललो तर हिला आणखी त्रास होईल. म्हणून आठवड्यातून एकदा, अर्धा तास, दोघांनी शांत बसावे. आधी पाच मिनिटे नामस्मरण करावे. मग प्रत्येकाने आपल्या मनातले सांगावे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे. उपाय सुचवू नये. अर्धा तास संपला की तो विषय बाजूला ठेवून एकत्र जेवावे. संपूर्ण घर रोज याच एका विषयाने भरून जाऊ नये, यासाठी ही मर्यादा आहे.

प्रार्थना अवश्य करावी, पण ती सौदा होऊ नये. 'मूल दे, मग मी हे करीन' असे म्हटले आणि मूल झाले नाही, तर मनात देवाविषयी आणि स्वतःविषयी कटुता साठते. त्यापेक्षा अशी प्रार्थना करावी : 'हे भगवंता, योग्य प्रयत्न करण्याची बुद्धी दे, जे होईल ते पेलण्याचे बळ दे आणि या वाटेवर आम्हा दोघांना एकमेकांपासून दूर होऊ देऊ नकोस.' या प्रार्थनेचे फळ आजपासूनच मिळू लागते. गीतेतील कर्मयोगही हेच शिकवतो. प्रयत्नात कसूर नाही आणि फळावर स्वतःची किंमत टांगलेली नाही. झोप उडाली असेल, जगणे नको वाटत असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांची मदत लगेच घ्यावी. तीही कृपाच आहे.

७. कुटुंबाचे आणि सत्संगाचे कर्तव्य

घरातील पहिले बोलणे पतीने करावे. 'आई, आमच्या दोघांच्या तपासण्या चालू आहेत. काही विचारायचे असेल तर मला विचार, तिला नको.' एवढे एक वाक्य पत्नीच्या डोक्यावरचे कितीतरी ओझे उतरवते. अहवालात कारण पत्नीकडे असले तरी पतीने बाहेर 'आमचे उपचार चालू आहेत' असेच सांगावे. कारण पतीकडे असले तरी पत्नीने तसेच सांगावे.

सासूबाईंच्या हाती फार मोठी शक्ती आहे. हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला किंवा बारशाला ज्या स्त्रीला मूल नाही तिला टाळणे, तिच्याकडून ओटी भरून न घेणे ही रूढी आहे, धर्म नाही. घरातील ज्येष्ठ स्त्रीने सर्वांसमोर 'ये सूनबाई, पहिली ओटी तू भर' म्हटले, तर ती रूढी त्या घरापुरती त्याच दिवशी संपते. मात्र आग्रहही नको. एखाद्या दिवशी तिला बारशाला जाणे झेपणार नसेल, तर तेही समजून घ्यावे. आमंत्रण मनापासून द्यावे आणि येणे तिच्यावर सोडावे.

सत्संगातील बंधू-भगिनींनी तीन गोष्टी टाळाव्यात : विचारणे, न मागता उपाय सांगणे आणि 'पूर्वजन्मीचे कर्म' असे म्हणणे. कोणाचे कर्म काय आहे हे आपल्याला माहीत नाही. आपले आजचे कर्म कसे असावे एवढेच आपल्या हाती आहे.

८. पुढची वाट

काहींना उपचारांनी संतान लाभेल. काही जण दत्तक घेण्याचा विचार करतील. ती प्रक्रिया केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करूनच करावी. दांपत्याचा विवाह किमान दोन वर्षे स्थिर असावा लागतो आणि दोघांची संमती आवश्यक असते. परस्पर कोणाकडून बाळ घेणे बेकायदेशीर आहे. दत्तक घेणे हा हरल्यानंतरचा पर्याय समजू नये. मनातील दुःखाला पुरेसा वेळ देऊन, पूर्ण मनाने त्या बाळाचे आई-बाबा व्हावे. आणि काही जण अपत्याविना आयुष्य जगायचे ठरवतील. तेही अपूर्ण आयुष्य नाही. वात्सल्य वाहायला जागा शोधतेच. ती भाचरांमध्ये, विद्यार्थ्यांमध्ये, सेवेत सापडते.

कोणतीही वाट असो, ती दोघांनी मिळून निवडलेली असावी.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरात या विषयाचा भार कोणावर अधिक आहे? तो वाटून घेण्यासाठी मी या आठवड्यात काय करीन?
२. पती म्हणून माझी तपासणी झाली आहे का? नसेल, तर मला काय अडवते?
३. माझ्या एखाद्या सहज प्रश्नाने कोणाचे मन दुखावले असेल का?

या आठवड्याची कृती

वाट पाहणाऱ्या दांपत्याने एक दिवस ठरवून अर्धा तास एकत्र बसावे आणि पुढची एक पायरी लिहून काढावी. इतर सर्वांनी आठवडाभर कोणालाही 'गोड बातमी'विषयी विचारायचे नाही, असा संकल्प करावा. आठवड्यानंतर तो आयुष्यभरासाठी करावा.